अंगठ्यातलं रक्त कोण चोरतं?

१

बाइंडरच्या अंगठ्यातलं रक्त कोणीतरी चोरत होतं, आणि तेही दिवसाढवळ्या.

सकाळी इनचार्ज सिस्टर ड्यूटीवर यायच्या, हात धुवायच्या, जाड पडदा बाजूला सारून त्याच्या खोलीत शिरायच्या, तेव्हा अंगठा छान गुलाबी असायचा. नुकत्याच न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाच्या टाचेसारखा. नख दाबलं की पांढरं, सोडलं की लगेच रंग हजर. आणि दुपार कलली की तोच अंगठा मेणाचा. दाबा, सोडा, वाट बघत बसा. रंग यायचं नाव नाही.

हा अंगठा साधासुधा नव्हता. पुस्तकं बांधायच्या कारखान्यात, कागद कापायच्या मशीनखाली तो मुळापासून तुटला होता. थोरल्या भावानं तो रुमालात गुंडाळून, बर्फात ठेवून आणला आणि इथल्या तरुण सर्जननं तो परत जागेवर शिवला. केसाहूनही बारीक दोरा, भिंगाखाली बघत बघत. वॉर्डात त्या सर्जनला सगळे 'शिंपी' म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

जोडलेल्या बोटाला गारठा चालत नाही. म्हणून त्या खोलीत हीटर अखंड चालू, खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि उशीवर ठेवलेल्या त्या हातावर एक पिवळा दिवा. आत पाऊल टाकणारा माणूस आधी गळ्याजवळचं बटण काढायचा, मग आवाज खाली आणायचा, मग जांभई द्यायचा. त्या उबेत सगळंच सैल व्हायचं. आपण आत कशाला आलो होतो, हे इनचार्जसुद्धा कधीकधी विसरून जायच्या, आणि त्या कोण? ज्यांच्या वॉर्डात डासही विचारून शिरतो, असं म्हणायचे त्या. बाइंडर तर उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघायचा. छताकडे बघून म्हणायचा, "सिस्टर, वर कोरे कागद तरंगतायत. घडी घालायची राहिलीय."

"राहू दे. मी घालते," इनचार्ज म्हणायच्या. आजाऱ्याशी वाद कशाला घाला?

पण अंगठ्याशी वाद घालणं भाग होतं. शिंप्यानं त्या दिवशी नख दाबून पाहिलं आणि त्याचा चेहराही अंगठ्याइतकाच उतरला. इनचार्जना त्यानं पडद्याच्या बाहेर बोलावलं.

"रक्ताची नळी एकदा शिवली. बंद पडली, परत उघडून शिवली. आता तिसऱ्यांदा शिवायला नळीच उरलेली नाही, इनचार्ज. अशीच आकसत राहिली तर अंगठा काढून टाकावा लागेल."

"उजवा अंगठा आहे हो त्याचा. बाइंडर माणूस. अंगठ्याशिवाय सुई धरणार कशी, दोरा ओढणार कसा?"

"म्हणून तर बोलतोय."

"आकसते कशानं?"

"थंडीनं. दुखण्यानं. घाबरण्यानं. नाहीतर तंबाखूनं. विडी, सिगारेट, काहीही."

"तो काही ओढत नाही. भरती केला तेव्हा मी स्वतः विचारलंय, बायकोच्या देखत. सिगारेट नाही, तंबाखू नाही, दोघांनीही एका आवाजात सांगितलं."

"मग खोलीत धूर येतोय कुठून तरी," शिंपी म्हणाला. "शोधा."

इनचार्ज परत आत गेल्या. डोळे मिटले, नाक वर केलं आणि सावकाश श्वास घेतला. औषधाचा वास. गरम चादरीचा वास. आणि त्याच्या मागून, अगदी स्पष्ट, सिगारेटचा.

२

वास थोरल्या भावाचा होता. तो दारात जेवणाचा डबा घेऊन उभा होता, आणि आपल्याकडे सगळे असे का बघतायत हे त्या बिचाऱ्याला कळेना.

इनचार्जनी त्याला बाकावर बसवलं. स्वतः उभ्याच राहिल्या. असं केलं की समोरचा आपोआप लहान होतो, हा त्यांचा जुना अनुभव.

"दादा, किती ओढता?"

"गेटाबाहेर ओढतो, सिस्टर. आत कधी नाही. चूळ भरतो, हात धुतो, मगच येतो."

"शर्ट धुता?"

दादानं शर्टाची कॉलर नाकाशी नेली आणि मान खाली घातली.

"भावाला द्यायचात का? एखादा झुरका? खरं सांगा, रागावणार नाही." रागवायची त्यांची पूर्ण तयारी होती.

"त्यानं सोडून जमाना झाला. उलट मला लेक्चर देतो. बायकोनं सोडवली त्याची. मी मागितली तरी तो काडी पेटवून देत नाही."

"मग दुपारीच का अंगठा पांढरा पडतो? दुपारीच तुम्ही येता."

दादा बराच वेळ डब्याच्या कडीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "मशीन मी चालवत होतो. तो कागद सरळ करत होता. मला वाटलं त्यानं हात काढला. मी पेडल दाबलं. पातं माझ्या पायानं खाली आलंय, सिस्टर. अंगठा मीच जमिनीवरून उचलला. तो जगावा म्हणून मी घरी धड जेवत नाही, आणि मी त्याला मारीन होय?"

इनचार्जना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटून वॉर्ड चालत नाही. "अंगठा नीट होईपर्यंत आत यायचं नाही," त्या म्हणाल्या. "कॉरिडॉरच्या काचेतून बघा."

दादा काचेबाहेर उभा राहिला. आत बाइंडर त्याच्याकडे बघत होता. "दादाला का हाकललंत?" त्यानं विचारलं. बोलताना त्याचा वरचा ओठ जागचा हलत नव्हता. खालचाच ओठ बोलायचा. दाढी वाढलेली, अंगात ग्लानी. इनचार्जनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा गुलाबी. अकरालाही गुलाबी. इनचार्जच्या चालीत जरा रुबाब आला. बाइंडरच्या बायकोनं त्याला जेवू घातलं, त्याचं तोंड पुसलं, खुर्चीत बसून पेंगू लागली. दादा काचेबाहेर शहाण्यासारखा उभा. खोलीत धुराचा लवलेश नाही.

आणि त्या सगळ्या शांत, पिवळ्या, झोपाळू उबेत अंगठा हळूहळू मेणाचा झाला.

चोर सोडून संन्याशाला फाशी. इनचार्जनी काचेबाहेर पाहिलं. दादानंही बाहेरून तो रंग ओळखला होता, आणि तो दोन्ही हात काचेला टेकून उभा होता.

३

आता माणूस विचार करतो तो कुठे करतो? इनचार्ज आवरताना करायच्या. त्यांनी बाइंडरच्या टेबलावरचा पसारा आवरायला घेतला. पाण्याचा ग्लास, कापूस, बायकोनं तोंड धुवायला वापरलेला किडनी ट्रे. ट्रेमध्ये एक छोटी पांढरी पुडी पडली होती. नखाएवढी, कागदासारख्या मऊ कापडाची. त्यांनी ती चिमटीत उचलली आणि कचऱ्याच्या डब्याकडे हात नेला.

हात तिथेच थांबला.

अशा पुड्या त्यांनी आयुष्यात ढिगानं फेकल्या होत्या. गोळ्यांच्या बाटलीत असतात ना, ओल शोषायला ठेवलेल्या, 'खाऊ नये' लिहिलेल्या, त्या. दवाखान्यातल्या माणसाच्या हाताला त्यांची इतकी सवय असते की डोळ्यांना विचारायची गरजच पडत नाही. या खोलीतसुद्धा त्यांनी अशा पुड्या काल फेकल्या होत्या. परवाही. आणि त्याआधीही.

पण आज त्या उबेत त्यांचं अंग जड झालं होतं, हात मंद चालत होते, आणि मंद चाललेल्या हाताला जे कळतं ते घाईतल्या हाताला कळत नाही. पुडी ओली होती.

ओल शोषायची पुडी, मान्य. पण ही तर पार भिजून चिंब. आणि दाबली तर आत खडे नाहीत, भुगा. आणि मुळात या वॉर्डात गोळ्या चंदेरी पट्ट्यांत येतात. बाटली आहेच कुठे?

त्यांनी पुडी नाकाशी नेली. पुदिन्याचा वास. मनात पाल चुकचुकली.

एवढ्यात शिंपी आला. इनचार्जनी तळहात पुढे केला. "हे काय असावं?"

त्यानं बघितलं. बघितलं म्हणजे काय, बघून न बघितल्यासारखं केलं. त्याच्या मानेवर लाली चढली. त्यानं पुडी त्यांच्या हातातून उचलली आणि कोटाच्या खिशात टाकली. "कचरा आहे. मी टाकतो."

आणि नख न दाबताच निघून गेला.

इनचार्ज तिथेच उभ्या. सर्जन माणूस. आपला ग्लोव्ह काढला तर तो जमिनीवर पडतो की डब्यात, याची ज्यानं आजवर फिकीर केली नाही, तो दुसऱ्याचा कचरा खिशात घालून नेतोय. हे काही खरं नव्हे.

डॉक्टरांच्या खोलीत तेव्हा कोणी नव्हतं. बेसिनखाली कचऱ्याचा डबा होता. इनचार्जनी झाकण उघडलं. चहाचे कागदी पेले, एक फाटका मास्क आणि त्यांच्यामधून डोकावणाऱ्या पांढऱ्या, भिजलेल्या, नखाएवढ्या पुड्या. पुष्कळ.

मागे दार उघडल्याचा आवाज झाला.

४

"त्या माझ्या आहेत," शिंपी म्हणाला.

"त्याला तुम्ही देता?"

"काय बोलताय, इनचार्ज." तो खुर्चीत बसला. हा मुलगा किती थकलेला आहे, हे इनचार्जना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. "मी वाकून त्याचं ड्रेसिंग बघतो. मला वाटलं, माझ्याच तोंडातून ट्रेमध्ये पडली. लाज वाटली म्हणून उचलली."

"पण आहे काय ते?"

"निकोटिन. तंबाखूत असतं ते. पण यात पान नाही, धूर नाही, थुंकणं नाही, कुणाला वास नाही. हिरडी आणि वरचा ओठ यांच्यामध्ये दाबून ठेवायची. लांबलचक ऑपरेशनला डोकं तरतरीत राहतं, म्हणून शिकत होतो तेव्हा एकानं दिली. तेव्हापासून आहे."

"आत्ता आहे तोंडात?"

त्यानं उत्तर देण्याऐवजी ओठ वर उचलला. इनचार्ज जवळ गेल्या. पुडी होतीच, पण त्यांनी पुडी पाहिली नाही. जिथे ती बसत होती तिथली हिरडी दातावरून वर सरकली होती, दाताचं पिवळं मूळ उघडं पडलं होतं. शेजारची कातडी पांढरी, सुरकुतलेली, फार वेळ धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी.

"दुखतं?"

"नाही ना. रक्तसुद्धा येत नाही. तिथल्या नळ्याच आकसलेल्या, येणार कुठून? त्यामुळे सगळं छान चाललंय असंच वाटतं." तो हसला, आणि आता इनचार्जना त्याचं ते कायमचं अर्धवट हसू समजलं. "गादीवर पडलं की छातीत एक ठोका चुकतो. मग दोन एकदम पडतात. प्रेशरची गोळी सुरू झालीय, या वयात. सगळं यानंच होतं असं मी शपथेवर नाही सांगणार. जागरणं आहेत, घरात बाबांनाही प्रेशर होतं. पण पुडी ठेवली की नाडी धावते, हे मी स्वतःच्या मनगटावर मोजलंय."

"आणि पुढे काय होतं? आणखी वर्षं गेल्यावर?"

"कोणालाच माहीत नाही. सिगारेटचं कळेपर्यंत केवढे लोक गेले. ही वस्तू नवी आहे. धूर नाही म्हणून फुप्फुसं तरी वाचत असतील. हिरडीचं, हृदयाचं, नळ्यांचं काय, ते आमच्याकडे बघून पुढच्या लोकांना कळेल."

इनचार्जना राग यायला हवा होता. आला नाही. त्यांना त्या पोराच्या आईची आठवण झाली, जिला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. "मग सोड ना बाबा," त्या एकदम एकेरीवर आल्या.

"सोडली की हात थरथरतो, इनचार्ज. आणि माझ्या हाताला थरथरायची परवानगी नाही."

बाहेर कुठेतरी ट्रॉलीची चाकं कुरकुरत गेली. इनचार्ज बेसिनपाशी उभ्या राहिल्या, आणि अचानक त्यांनी हात पुढे केला. "मघाची पुडी दे. खिशातली."

त्यानं दिली. त्यांनी वास घेतला. मग कचऱ्यातली एक चिमट्यानं उचलून तिचाही घेतला. "डॉक्टर, तुम्ही कुठल्या वासाची घेता?"

"कॉफी. पहिल्यापासून तीच."

"ही पुदिन्याची आहे."

शिंपी ताडकन उठला. ओठाखालची पुडी त्यानं बोटानं काढली आणि बेसिनमध्ये टाकली. "म्हणजे त्याच्या तोंडात..." बाइंडरचा उजवा हात उशीवर पट्ट्यांनी बांधलेला. डाव्या हाताला सलाईन, ती निसटू नये म्हणून तोही फळीला बांधलेला. बाइंडरला स्वतःचं नाक खाजवायचं तर सिस्टरला हाक मारावी लागत होती.

"तो स्वतः ठेवूच शकत नाही," इनचार्ज म्हणाल्या. "त्याला कोणीतरी भरवतंय."

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा. इनचार्ज कॉरिडॉरमधून चालत होत्या आणि एकेक गोष्ट आपसूक जागेवर बसत होती. अंगठा रात्री बरा असतो, कारण रात्री त्याच्याजवळ घरचं कोणी नसतं. रात्री बाइंडर घामाघूम होतो, नर्सवर खेकसतो, चादर चावतो, असं नाइटच्या पोरी सांगायच्या आणि सगळे म्हणायचे, दुखतंय बिचाऱ्याला. दिवसा जेवण झालं की अंगठा पांढरा पडतो. जेवणानंतर त्याच्या तोंडाला हात कोण लावतं? तोंड धुवायचं काम घरच्या माणसानं केलं तर चालेल, अशी परवानगी कोणी दिली होती? खुद्द इनचार्जनी.

बायको खोलीतच होती. शाळेत चित्रकला शिकवणारी, नखांच्या कडांना कायम रंग लागलेली. बाइंडर डोळे मिटून पडला होता, वरचा ओठ जरासा फुगलेला. ती त्याच्या कपाळावर ओलं फडकं फिरवत होती, इतक्या मायेनं, की इनचार्जना क्षणभर वाटलं, आपण चुकतोय. चुकत असलो तर बरं.

"बाई, जेवल्यावर तुम्ही त्याच्या तोंडात काय ठेवता?"

"पुडी," ती म्हणाली. लपवालपवी नाही, दचकणं नाही. "लागते त्याला जेवल्यावर. आणि चहानंतर. संध्याकाळी निघताना एक ठेवते. सकाळी आल्याबरोबर नाही ठेवत, उलटीसारखं होतं त्याला उपाशीपोटी."

शिंपी दारातच थबकला.

"हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" तिचा स्वर साधा होता. "तुम्ही विचारलं, सिगारेट ओढतो का, तंबाखू खातो का. नाही म्हटलं. पुड्यांच्या डबीवर तसं लिहिलेलंच आहे, तंबाखू नाही म्हणून. सिस्टर, मुलगी पोटात होती तेव्हा मीच त्याची सिगारेट सोडवली. घरात कोणाला वाटलं नव्हतं जमेल. दादांना विचारा. हीच पुडी देऊन सोडवली."

हे सांगताना तिची मान ताठ झाली होती. इनचार्जना आपण विचारलेला प्रश्न आठवला. नेहमीचा. प्रत्येक माणसाला विचारतात तो. आणि त्याला दोघांनी दिलेलं अगदी खरं उत्तर.

त्यांनी तिला खुर्चीत बसवलं. या वेळी स्वतःही शेजारी बसल्या. त्या उबेत, हळू आवाजात सगळं सांगितलं. तंबाखूच्या पानात असतं तेच पुडीत असतं. ते हिरडीतून रक्तात जातं, आणि अंगभरच्या बारीक नळ्यांना आवळतं. धडधाकट अंगठ्याला ते कळतही नाही. शिवलेल्याला कळतं.

ती ऐकत होती. मध्येच तिनं बाइंडरच्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःच्या बोटांकडे.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "दादांना बाहेर काढलंत तेव्हा मी बरं झालं म्हटलं होतं. आणि रोज मीच." तिनं तोंडावर पदर दाबला आणि आवाज न करता रडायला लागली.

शिंपी पुढे झाला. बाइंडरचा ओठ उचलून त्यानं पुडी काढली, मग दिवा ओढून नीट पाहिलं. हिरडी दोन दातांवरून सरकली होती. त्यातला एक दात बोटानं हलत होता. शिंप्यानं दिवा परत हातावर वळवला, आणि स्वतःच्या ओठाला नकळत जीभ लावली.

"तुला माहीत होतं?" त्यानं बाइंडरला विचारलं. "मी पडद्याबाहेर तंबाखूचं बोललो ते तू ऐकलंस, जागा होतास."

बाइंडरनं डोळे उघडले नाहीत. "मी मनाशी म्हटलं, ही तंबाखू नव्हेच," तो म्हणाला. "पुन्हा पुन्हा म्हटलं."

इनचार्ज बाहेर गेल्या. दादा काचेपाशी होता. "चूक माझी झाली," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून वॉर्डात कोणी ऐकलं नव्हतं. "आत या. फक्त शर्ट बदलून."

६

आगीतून सुटलेला माणूस फुफाट्यात उभा होता, आणि आता त्याला फुफाट्यातूनही काढायचं होतं, तेही मधल्या पायरीशिवाय. निकोटिनची पट्टी चालणार नव्हती, चघळायची गोळी चालणार नव्हती. त्यातही तेच. "सध्या काहीच नाही," शिंप्यानं सांगितलं. "नुसतं काढायचं." आपली पुढची ऑपरेशनं त्यानं दुसऱ्या सर्जनकडे सोपवली. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि इनचार्जनी विचारलं नाही. त्यांनी त्याचे हात पाहिले होते.

अंगठा दुपारीही गुलाबी राहिला. त्याच्या पुढच्या दुपारीही. पण त्या अंगठ्याच्या मागचा माणूस मात्र ओळखू येईना. उशी घामानं भिजायची. जेवणाचं ताट त्यानं मान झटकून उडवलं. दादाला नको ते बोलला. दादानं ऐकून घेतलं आणि सांडलेलं पुसलं. वर तरंगणारे कोरे कागद आता त्याला दिसत नव्हते. त्याला एकच वस्तू दिसत होती, आणि ती बायकोच्या पिशवीत आहे अशी त्याची पक्की समजूत होती.

इनचार्ज धुतलेल्या चादरी घेऊन पडद्यापाशी आल्या तेव्हा आतून आवाज येत होता.

"एक दे."

"नाही."

"अर्धी दे. चोखली की लगेच काढ. कोणाला कळणार नाही."

"अंगठ्याला कळेल."

"कळू दे."

"अरे, जाईल तो. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? आता परत शिवता येणार नाही."

"जाऊ दे," बाइंडर म्हणाला. "मला अंगठा नको. पुडी दे."

इनचार्जनी चादरी छातीशी धरल्या. हीटरची तेवढी घरघर. पडद्याच्या फटीतून पिवळा उजेड दिसत होता, त्यात तो हात उशीवर निवांत झोपलेला, गुलाबी, गरम. त्याला या बोलण्याचा पत्ता नव्हता.

"तूच सोडवलीस ना माझी सिगारेट?" बाइंडरचा आवाज आता पार खाली आला होता. तो विनवत होता. "मग हीही सोडव. पण उद्यापासून. आज एक दे."

"मी नाही रे काही सोडवलं," ती म्हणाली. "नुसती जागा बदलून दिली. बोटांतनं काढली आणि ओठाखाली ठेवली. आणि इतकी वर्षं सगळ्यांना सांगत फिरले, माझा नवरा सुटला म्हणून. मुलीला सांगितलं. वर्गातल्या पोरांना सांगितलं. मला खरंच वाटायचं, तू सुटलास."

"मलाही तसंच वाटायचं गं," तो म्हणाला, आणि तोंड भिंतीकडे वळवून हमसाहमशी रडू लागला.

रडताना त्याचा उजवा खांदा हलायला लागला, तसा तिनं दोन्ही हातांनी तो घट्ट दाबून धरला, टाके ओढू नयेत म्हणून. तो शिव्या देत होता, मग माफी मागत होता, मग पुन्हा पुडी मागत होता. इनचार्ज आत गेल्या आणि दुसऱ्या बाजूनं त्याचा डावा हात धरून बसल्या. संध्याकाळपर्यंत तो मागत राहिला आणि ती नाही म्हणत राहिली.